देवास गेट आणि यजमानपणाची मीमांसा

पाहुण्याला पहिल्या दिवशी शहर दाखवणे ही मराठी कुटुंबव्यवस्थेतील एक स्वतंत्र संस्था असून तिचे नियम कुठेही लिहून ठेवलेले नसले, तरी ते मोडल्याची शिक्षा पुढच्या दोन लग्नांपर्यंत भोगावी लागते. फ्रान्समधील एखाद्या शहरात भाषा शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षणसंस्था राहण्यासाठी एक अनोळखी कुटुंब नेमून देते, आणि ते कुटुंब त्याला गावातले मोठे चर्च, नदीवरचा पूल आणि बाजार दाखवून आपले कर्तव्य पार पाडते. मराठी माणसाला अशी नेमणूक करून घ्यावी लागत नाही, कारण ती त्याच्या जन्माबरोबरच झालेली असते, मावशीच्या चुलत दिरापर्यंत तिची व्याप्ती असते आणि ती रद्द करण्याचा अधिकार दोन्ही पक्षांपैकी कोणालाच नसतो. या संस्थेचा अभ्यास पुण्यात किंवा ठाण्यात करता येत नाही असे नाही. पण तिथे पाहुणा आणि यजमान यांच्यातील भेद इतका ठरून गेलेला असतो की त्यातून नवे काही हाती लागत नाही. उज्जैनमधील मराठी कुटुंबाकडे महाराष्ट्रातून नातेवाईक येतात, तेव्हा मात्र यजमान कोण हा प्रश्न सकाळी रेल्वे स्थानकाबाहेर उभा राहतो आणि रात्री जेवणाच्या ताटावर बसेपर्यंत सुटत नाही.

प्रथम संज्ञेचा विचार करणे योग्य ठरेल. ‘यजमान’ हा शब्द संस्कृतातील ‘यज्’ या धातूपासून आला असून, ज्याच्यासाठी यज्ञ चालतो आणि जो पुरोहिताला दक्षिणा देतो तो यजमान, असा त्याचा मूळ अर्थ आहे. घरी आलेल्याचा पाहुणचार करणारा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. खर्च करणारा हा अर्थ मात्र पहिल्यापासून होता. विवाहित मराठी स्त्री ‘आमचे यजमान’ असा पतीचा उल्लेख करते, तेव्हाही हा मूळ अर्थ अगदीच सुटलेला नसतो. म्हणजे ज्याचे पैसे चालतात तो यजमान, अशी व्याख्या व्युत्पत्तीच्या आधाराने करता येते, आणि प्रस्तुत विवेचनात तीच ग्राह्य धरली आहे.

या संस्थेचे प्रवेशद्वार देवास गेट हे होय. उज्जैन जंक्शनमधून बाहेर पडले की लागणारा हा परिसर. बसस्थानक, धर्मशाळा, लॉज, चहाच्या टपऱ्या आणि जवळच चामुंडामातेचे मंदिर अशी त्याची साधारण मांडणी आहे, आणि रेल्वेच्या पुलापलीकडे फ्रीगंज ही तुलनेने नवी वस्ती पसरलेली आहे. ज्या दिशेला देवास आहे त्या दिशेचे हे नाव. आणि देवास म्हणजे पवार घराण्याच्या दोन शाखांनी थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन स्वतंत्र संस्थाने एकाच गावात चालवून दाखवली ते गाव. एका गावात दोन राजे नांदू शकतात, पण एका बॅगेला दोन हात लागले की नांदता येत नाही, याचा प्रत्यय देवास गेटला रोज सकाळी येतो. मुंबईहून येणारी अवंतिका एक्स्प्रेस, जिला उज्जैनचेच प्राचीन नाव दिलेले आहे, फलाटाला लागते आणि तिच्यातून उतरलेल्या पाहुण्या भाऊजींच्या हातातील चाकांची बॅग त्यांना घ्यायला आलेले उज्जैनचे काका एका बाजूने ओढतात. भाऊजी ‘अहो राहू द्या, हलकीच आहे’ असे म्हणत दुसऱ्या बाजूने ओढतात, आणि चाके ज्या हेतूने लावलेली असतात तो हेतू सोडून बॅग दोघांच्या मध्ये अधांतरी चालू लागते.

पुण्याचा पाहुणा बाहेर आल्यावर प्रथम गेट शोधतो. ‘देवास गेट ते कुठलं?’ असे त्याने विचारले असता काका हात सगळ्या चौकावरून फिरवतात आणि ‘हेच’ असे म्हणतात. नावातील वस्तू डोळ्यांना दिसलीच पाहिजे हा आग्रह धरला, तर पुण्यात किती पेठांची नावे बदलावी लागतील असा प्रतिप्रश्न काकांकडे तयार असतो, पण पहिल्याच दिवशी तो विचारायचा नाही हा नियम ते पाळतात. तेवढ्यात ‘महाकाल, महाकाल’ असा पुकारा करणारे ई-रिक्षावाले आणि मॅजिकवाले भोवती जमतात. मॅजिक म्हणजे टाटा कंपनीची छोटी चारचाकी प्रवासी गाडी; तिच्यात किती माणसे बसतात याचे उत्तर कंपनीचे वेगळे आणि देवास गेटचे वेगळे असते. काका ज्या अस्खलित माळवी वळणाच्या हिंदीत भाडे ठरवतात ती ऐकून पाहुण्याला पहिला धक्का बसतो, कारण ज्यांना तो आजवर दूर राहणारे पुण्याचेच काका समजत आला होता, ते मुळात उज्जैनचे आहेत ही गोष्ट त्याच्या लक्षात प्रथमच येते.

या धक्क्यातून सावरून पाहुणा जे पहिले वाक्य बोलतो, ते या शास्त्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मानले पाहिजे. ‘तुम्ही इतकी वर्षं इकडे राहून मराठी अजून छान बोलता हो!’ हे ते वाक्य होय. ते कौतुकाने उच्चारले जाते याबद्दल शंका नाही. मात्र ऐकणाऱ्याच्या घराण्याला माळव्यात येऊन किती वर्षे झाली याचा हिशेब त्यात नसतो. १८व्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या सरदारांनी माळव्यात बस्तान बसवले, राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले आणि १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळच्या लष्करला राजधानी हलवेपर्यंत शिंदेशाहीचा कारभार इथून चालला. त्या कारभाराबरोबर आलेले कारकून, पुरोहित, शिपाई आणि वैद्य यांची घरे राजधानीच्या मागोमाग सगळीच गेली नाहीत. ज्याचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी आले त्याला, परवाच्या गाडीचे परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाने ‘इकडे राहून’ असे म्हणावे, यातील विनोद काकांना कळतो. पण ते तो गिळतात आणि त्याचे उत्तर शब्दांनी न देता दिवसभराच्या दर्शनाने द्यायचे ठरवतात.

उज्जैनच्या मराठीबद्दल एवढे सांगणे इष्ट आहे की उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी अशी तिची साधी विभागणी असली, तरी दोघींची ये-जा उंबऱ्यावरून सतत चालू असते. ‘चहा घेऊन घ्या’, ‘आधी बसून जा’ अशी हिंदीच्या वळणावर घडलेली वाक्ये त्या घरात सहज बोलली जातात, आणि ती ऐकून पाहुण्यांपैकी एखादी शिक्षिका आत्या मनातल्या मनात लाल शाई काढते. वस्तुतः ही ये-जा कमीपणाची नाही. गजानन माधव मुक्तिबोध यांचे काही शिक्षण याच शहरातील माधव महाविद्यालयात झाले. घरची भाषा मराठी असूनही ते हिंदीतील थोर कवी झाले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी म्हणून मान्यता पावले. एका घरातल्या भावांनी जमीन वाटून घेतल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. भाषा वाटून घेऊन भांडण न झाल्याचे उदाहरण मात्र दुर्मीळच म्हणावे लागेल.

घरी पोहोचल्यावर पोह्यांचा प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्रातील पाहुणा पोह्यांना स्वतःची वस्तू समजतो, त्यामुळे त्याच्यापुढे पोहे ठेवणे म्हणजे काशीच्या पंडिताला गायत्री मंत्र शिकवण्यासारखे असते. परंतु माळव्यातील पोहे ही वेगळी वस्तू आहे. फोडणीत परतल्यानंतर ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर गरम राखले जातात, त्यांवर शेव, कांदा आणि जीरावन नावाचा जिरे, आमचूर, काळे मीठ इत्यादींचा आंबट-तिखट मसाला भुरभुरला जातो आणि शेजारी गरम जिलेबी ठेवली जाते. पाहुणा जिलेबी पाहून ‘सकाळी सकाळी गोड?’ असे म्हणतो, पहिला घास संशयाने घेतो, दुसऱ्या घासाला गप्प होतो आणि तिसऱ्या वेळी बशी पुढे करताना ‘अगदी थोडे’ असे म्हणतो. माळव्याच्या कोशात ‘अगदी थोडे’ याचा अर्थ ‘आधी वाढले तेवढेच’ असा असल्याने निघण्याची ठरलेली वेळ टळते. आठ वाजता निघायचे ठरलेले असते. प्रत्यक्षात पाय घराबाहेर पडतो तेव्हा आठ वाजून सत्तावीस मिनिटे झालेली असतात. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण त्याला खगोलशास्त्राचा आधार आहे आणि तो यथावकाश येईल.

निघण्यापूर्वी दोन याद्या समोरासमोर येतात. पाहुण्याच्या मोबाइलमध्ये पाहण्याजोग्या पंधरा ठिकाणांची यादी असते आणि प्रत्येक ठिकाणापुढे वीस मिनिटे असे लिहिलेले असते. यजमानांची यादी आजींच्या तोंडी असते आणि तिच्यात ठिकाणांपेक्षा क्रमाला महत्त्व असते: आधी महाकाल, मग बाकीचे. आजी स्वतः कुठेही येत नाहीत, परंतु कोण कुठे जाणार, कोणाच्या हातात नारळ राहणार आणि कोणी काय खायचे नाही याचे निर्णय त्यांनीच दिलेले असल्यामुळे दिवसभर गाडीत त्यांचे अस्तित्व सर्वांना जाणवत राहते. याच सुमारास पाहुणा आवाज थोडा खाली आणून ‘भस्मारतीचं काही जमेल का? तुमची तिथे ओळख असेलच’ असे विचारतो. भस्मारती म्हणजे पहाटे चारच्या सुमारास महाकालाला भस्म चढवून केली जाणारी आरती. आणि ओळख म्हणजे उज्जैनच्या प्रत्येक रहिवाशाकडे असतेच असे उर्वरित भारताने गृहीत धरलेली, पण प्रत्यक्षात ज्याच्याकडे ती असते त्याच्याकडेही पाहुणे आल्यावर नाहीशी होणारी वस्तू. काका ‘बघतो’ असे म्हणतात. माळवा असो वा महाराष्ट्र, या शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे.

महाकालेश्वर हे १२ ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि दक्षिणाभिमुख असल्यामुळे विशेष मानले गेलेले स्थान होय. १३व्या शतकात इल्तुत्मिशाने जुने मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर आजचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी १८व्या शतकात उभारले, ही माहिती काका गाडीत तीनदा सांगतात आणि तिन्ही वेळा ‘आपल्या’ हा शब्द तिच्यात येतो: आपल्या राणोजींचे आपले दिवाण आपल्या कोकणातले. पाहुण्याला हे ठाऊक नसते, आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील काही प्रकरणे महाराष्ट्राबाहेर घडली आहेत हे कळल्यावर होणारा त्याचा चेहरा पाहण्यासाठीच काकांनी हा विषय काढलेला असतो. यजमानपणाच्या लढतीत पहिला गुण या ठिकाणी नोंदवला जातो.

परंतु मंदिराच्या दाराशी प्रकरण गुंतागुंतीचे होते. २०२३ पासून उज्जैनच्या रहिवाशांसाठी अवंतिका द्वार या नावाचा वेगळा प्रवेश सुरू झाला असून तिथे आधार कार्ड दाखवून आत जाता येते. ज्या माणसाला सकाळी ‘इकडे राहून’ असे म्हटले गेले, तोच इथला असल्याचा कागदोपत्री पुरावा याप्रमाणे थेट देवाच्या दारात मिळतो. सामान्य स्थितीत त्याने तो खिशातून काढून विजयाने आत जायला हवे. परंतु पाहुण्याला लांब रांगेत सोडून यजमानाने पुढे जाणे धर्माला धरून नसल्यामुळे काका कार्ड खिशातच चाचपतात आणि पुण्याच्या पत्त्याचे कार्ड असलेल्या भाऊजींच्या मागे उभे राहतात. काकू मात्र ‘मी पुढे होऊन फुलं चढवून घेते’ असे सांगून अवंतिका द्वाराने जातात, दर्शन घेतात, परत येतात आणि रांग किती पुढे सरकली याची चौकशी करतात. रांगेतील मधला काळ २०२२ च्या ११ ऑक्टोबरला उद्घाटन झालेल्या महाकाल लोकमधील छायाचित्रांत जातो. ९०० मीटरहून अधिक लांबीच्या या परिसरात शिवकथांवर आधारित भव्य मूर्ती आणि १०८ स्तंभ आहेत, आणि घरातील महाविद्यालयीन पुतण्या त्यांतील प्रत्येक मूर्तीसमोर पाहुण्यांना उभे करून थोडे डावीकडे सरकायला सांगत असतो. याच मंदिराच्या वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वराचे मंदिर आहे आणि ते वर्षातून फक्त नागपंचमीला उघडते, हे समजल्यावर पाहुणा ‘आज नाही का उघडणार?’ असे विचारतो. यादीत ते सातव्या क्रमांकावर असते.

उज्जैनमध्ये महाकाल हाच राजा मानला जात असल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही राजाने या नगरीत रात्री मुक्काम करू नये अशी श्रद्धा आहे, आणि सत्तेवरील मंडळीही २०२३ पर्यंत हा संकेत पाळत आली होती. नातेवाइकांच्या बाबतीत असा कोणताही संकेत प्रचलित नाही. बिनसाखरेचा चहा, जाड उशी, पहाटे गरम पाणी आणि खिडकीकडची जागा अशा राजेशाही अपेक्षा बाळगणारे पाहुणेही इथे तीन तीन रात्री सुखेनैव मुक्काम करतात, आणि त्यांच्या बाबतीत महाकालाने कधी हस्तक्षेप केल्याची नोंद नाही.

महाकालानंतर हरसिद्धीचे मंदिर येते. आवारातील दोन उंच दगडी दीपमाळा पाहून पाहुणा जेजुरीची आठवण काढतो आणि काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. दीपमाळ म्हणजे दिवे ठेवण्यासाठी हारीने पुढे काढलेल्या दगडांचा निमुळता स्तंभ. मराठी माणूस जिथे गेला तिथे त्याने देवापुढे तो उभारला आणि पुढच्या पिढ्यांना ‘हे आपलंच’ असे बोट दाखवण्याची सोय करून ठेवली. तीच गोष्ट शहराच्या जुन्या भागातील गोपाळ मंदिराची. ते १९व्या शतकात दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधवले, आणि त्याचे चांदीचे दरवाजे मूळचे सोमनाथचे असून महादजी शिंद्यांनी ते परत मिळवून आणले अशी कथा सांगितली जाते. कथा आणि इतिहास यांतील सीमारेषा काकांना ठाऊक असते. पण पाहुण्यांसमोर ती रेषा ते थोडी पुसट ठेवतात.

आता रामघाटाकडे वळले पाहिजे, कारण यजमानपणाच्या मीमांसेतील निर्णायक प्रसंग तिथे घडतो. सकाळपासून रिक्षाचे भाडे, हार, प्रसाद, उसाचा रस, चपला ठेवण्याचे पैसे अशा प्रत्येक ठिकाणी भाऊजींनी खिशात हात घातलेला असतो आणि प्रत्येक वेळी काकांनी त्यांचे मनगट धरलेले असते. ‘इथे तुमचे पैसे चालत नाहीत’ हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी म्हटलेले असते की एका हारवाल्याने भाऊजींची नोट उजेडात धरून तपासून पाहिलेली असते. असे असताना क्षिप्रेच्या घाटावर पाऊल ठेवताच छत्रीखाली बसलेले तीर्थपुरोहित मंडळींवरून नजर फिरवतात, काकांना ओलांडतात आणि थेट भाऊजींकडे पाहून ‘आइए यजमान!’ अशी हाक देतात. पुरोहिताच्या शास्त्राप्रमाणे ही हाक बिनचूक असते. जो बाहेरून आला आहे, ज्याच्या गळ्यात कॅमेरा आहे आणि जो दक्षिणा देणार आहे तो यजमान. रोज सकाळी याच घाटावरून फिरायला जाणारा माणूस हा नव्हे. काका क्षणभर वाद घालण्याच्या तयारीत असतात, परंतु वेदकाळापासून चालत आलेल्या व्याख्येपुढे त्यांचा निरुपाय होतो. भाऊजी संकल्प सोडतात, गोत्र आठवत नसल्यामुळे आत्याला विचारतात, आणि दिवसातील पहिलीच नोट कोणीही मनगट न धरता दक्षिणा म्हणून ठेवतात. त्यांच्या मुद्रेवर त्या वेळी दिसणारे समाधान केवळ तीर्थस्नानाचे नसते.

याच्या नेमके उलट दृश्य काळभैरवाच्या मंदिरात पाहायला मिळते. शहराबाहेर भैरवगढ भागातील या देवाला मद्याचा नैवेद्य दाखवला जातो. पुजारी बशीत ओतलेले मद्य मूर्तीच्या ओठांशी धरतात आणि बशी रिकामी होते. महादजी शिंद्यांनी विजयासाठी नवस बोलून आपली पगडी या देवाला वाहिली अशी परंपरा असून मूर्तीच्या मस्तकावर आजही शिंदेशाही पगडी असते. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह मध्य प्रदेशातील धार्मिक नगरांत मद्यविक्री बंद झाली, नैवेद्याची प्रथा मात्र बंद झाली नाही. त्यामुळे बाटली आणायची कोणी आणि कुठून हा प्रश्न आता अधिकच नाजूक झाला आहे. सकाळपासून एकमेकांचे मनगट धरणारी दोन मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे या ठिकाणी अचानक अतिशय शिष्टाचारी होतात. काका म्हणतात, ‘तुम्ही पाहुणे, नैवेद्य तुमच्याकडून असायला हवा.’ भाऊजी म्हणतात, ‘छे छे, मान यजमानांचा.’ आत्या दोघांकडेही, कोणाला याविषयी किती माहिती आहे याचा अंदाज घेत पाहते. खिशात हात घालण्याची घाई कोणालाच न झालेले दिवसातील हे एकमेव ठिकाण. अखेर फुले वाहून पगडीला नमस्कार केला जातो आणि मंडळी भैरवगढच्या प्रसिद्ध छापाच्या चादरी पाहायला निघतात. तिथे पैसे कोणी द्यायचे यावरून भांडण पूर्ववत सुरू होते आणि सर्वांना हायसे वाटते.

दुपार कलल्यावर वेधशाळा गाठली जाते. जयपूरचे सवाई जयसिंह यांनी १८व्या शतकात उभारलेल्या वेधशाळांपैकी ही एक असून, पडझडीनंतर १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचे काम पाहिले. सम्राट यंत्र म्हणजे उताराच्या भिंतीची सावली बाजूच्या चापांवर पाडून वेळ सांगणारे प्रचंड सूर्यघड्याळ. पाहुणा सावली वाचतो, मनगटावरील घड्याळ पाहतो आणि ‘हे मागे आहे’ असा निकाल देतो. इथे काकांचा दिवसातील सर्वोच्च क्षण येतो. ते समजावून सांगतात की भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे, उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर आहे, पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात आणि त्यामुळे उज्जैनची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. ऋतूप्रमाणे तीत थोडी दुरुस्ती करावी लागते ती वेगळी. तेव्हा सकाळी मंडळी ८ वाजून २७ मिनिटांनी निघाली असे जे म्हटले गेले ते चूक असून उज्जैनच्या सूर्याप्रमाणे ती बरोबर ८ वाजता निघाली होती.

या युक्तिवादाला कोणी हट्ट म्हणेल, तर असा हट्ट फक्त उज्जैनने धरलेला नाही हे निदर्शनास आणले पाहिजे. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेषा उज्जैनवरूनच मोजली जात असे. जगाने पुढे ग्रिनिच स्वीकारले, तेव्हा पॅरिसवरून मोजणी करण्याची सवय असलेल्या फ्रान्सने कित्येक वर्षे दाद दिली नाही, आणि १९११ मध्ये नाइलाजाने कायदा केला तोही असा, की फ्रान्सची वेळ म्हणजे ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे घेतलेली पॅरिसची वेळ. ग्रिनिचचा उल्लेख त्यात टाळला गेला. इंग्रजाचे घड्याळ लावायचे पण त्याचे नाव घ्यायचे नाही, ही युक्ती ज्या देशाला सुचली त्या देशातील एखाद्या यजमान कुटुंबाला काकांचा स्वभाव लगेच कळला असता.

पाहुण्याने या सगळ्यात नक्की काय पाहिले, हा प्रश्न शेवटी उरतो. त्याच्या मोबाइलमध्ये शेकडो छायाचित्रे जमा झालेली असतात आणि पंधरापैकी सहा ठिकाणे झालेली असतात. संध्याकाळी तो घरी येऊन छायाचित्रे पाहू लागतो, तेव्हा मंगळनाथ, सांदीपनी आश्रम, भर्तृहरीची गुंफा आणि सिद्धवट राहिल्याचे त्याला कळते. पाहण्याच्या बाबतीत उज्जैनच्या मराठी माणसाचे प्रमाण वेगळेच आहे. याच शहरात आयुष्य घालवलेले पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी धावत्या रेल्वेच्या खिडकीतून डोंगरातील खडक पाहिले, त्यांना शंका आली, ते तिकडे गेले आणि १९५७ मध्ये भीमबेटकाची प्रागैतिहासिक चित्रे जगापुढे आली. यादीत नसलेली वस्तू पाहिल्याने काय घडते याचे याहून चांगले उदाहरण देता येणार नाही. यादी हातात असती, तर वाकणकरांनी त्या क्षणी पुढच्या स्थानकाचे नाव शोधले असते.

रात्री बाफले होतात. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी पाण्यात उकळून मग भाजून तुपात बुडवलेला पदार्थ. तो तुरीच्या डाळीबरोबर चुरून खातात आणि खाल्ल्यावर माणसाची हालचाल काही काळ थांबते. याच अवस्थेत दिवसाचा हिशेब होतो. पाहुण्याने काकूंच्या नातवाच्या मुठीत ‘खाऊला’ म्हणून एक नोट कोंबलेली असते, ती काकू सापडताच परत करतात. भाऊजी ती पुन्हा देतात. आजी दोघांनाही गप्प करून ती देवापुढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच रकमेची शेव, जीरावन आणि भैरवगढची चादर पाहुण्याच्या बॅगेत भरली जाते. बॅग आता खरोखरच जड झालेली असते, आणि देवास गेटला ती ओढण्याचे भांडण परतीच्या दिवशी उलट्या दिशेने होते: काका ‘जड आहे, आम्ही धरतो’ असे म्हणतात आणि भाऊजी प्रथमच ती विनातक्रार सोडतात.

अर्थात यजमान कोण या प्रश्नाचा निकाल व्याख्येप्रमाणे स्पष्ट आहे: दिवसभर ज्याचे पैसे चालले तो यजमान, आणि उज्जैनमध्ये ते उज्जैनकराचेच चालतात, मग त्याची मराठी कशीही असो. तेव्हा तिथल्या नातेवाइकांकडे जाणाऱ्या वाचकाने यादी घरी ठेवावी, जुन्या चपला घालाव्यात, देवास गेटला उतरताच बॅग मुकाट्याने हवाली करावी, ‘मराठी अजून छान बोलता’ हे वाक्य पूर्ण प्रवासात एकदाही उच्चारू नये आणि सुटे पैसे मात्र रामघाटासाठी राखून ठेवावेत; कारण पहिल्या दिवशी यजमान होण्याची त्याला मिळणारी संधी तेवढी एकच आहे.